मनातला हेतू

इस्त्रीवालीनं मरियामातेच्या निळ्या झग्यावरून पुन्हा इस्त्री फिरवली. सुरकुती एकही उरली नव्हती, पण हात थांबवला असता तर बोलावं लागलं असतं.

"अगं, जाळशील तो!" बेकरीवाली म्हणाली. "मरियामाता आज स्वर्गात जायची आणि अंगाला करपल्याचा वास?"

चर्चच्या वेदीमागच्या खोलीत फुलं निवडणाऱ्या बायका खुदकन हसल्या. बाहेर अंगणात शाळेची पोरं झेंड्याच्या खांबाला कागदी पताका बांधत होती. मरियामातेला स्वर्गात घेतल्याचा सण आणि देशाचा स्वातंत्र्यदिन दरवर्षी एकाच तारखेला येत. मग आधी चर्चमध्ये मिस्सेची उपासना, त्यानंतर मूर्तीची मिरवणूक, आणि मिरवणूक खांबापाशी आली की झेंडावंदन, असा क्रमच पडून गेला होता. पालखीच्या पुढच्या दांड्याला नेहमी इस्त्रीवाली आणि बेकरीवाली. उंची सारखी, चाल सारखी. बायका त्यांना बैलजोडी म्हणत.

"बैलजोडीतला एक आज मुका झालाय," चर्चमध्ये गाणाऱ्या बायकांतली एक म्हणाली. "काय गं, उपास लागला?"

"लागलाय थोडा."

पण गप्प होण्याचं कारण उपास नव्हता. काल दुपारी तुरुंगातून मुलाचा फोन आला होता. "आई, स्वातंत्र्यदिनाची शिक्षेत सूट मिळाली. उद्या सकाळी सोडतायत. सणाचा दिवस आहे, सरळ चर्चलाच येतो. आधी मरियामाता, मग घर."

"अरे, आधी घरी जा..." ती म्हणेपर्यंत फोन बंद.

याच मुलानं दारूच्या नशेत ट्रक चालवला होता, आणि पहाटे सायकलवरून पाव पोचवणारा बेकरीवालीचा नवरा त्याखाली गेला होता.

दफनाच्या दिवशी इस्त्रीवाली चर्चच्या दाराशीच खिळून राहिली होती. आत पाऊल टाकायची हिंमत होईना. तेव्हा बेकरीवालीच बाहेर आली, तिचा हात धरून तिला आत घेऊन गेली. "तू थोडीच चालवत होतीस," एवढंच म्हणाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी, भट्टी शांत झाली की दोघी बेकरीत बसून जपमाळ म्हणत. एकीनं प्रार्थनेचा पहिला भाग म्हणायचा, दुसरीनं पुढचा. सुरुवातीला प्रत्येकीनं आपला हेतू, म्हणजे आजचा जप कशासाठी ते, सांगायचा, की मग तो दोघींचा होई.

बेकरीवाली म्हणे, "माझ्या माणसाच्या आत्म्याला शांती मिळो."

इस्त्रीवाली म्हणे, "माझा मनातला."

"तुझ्या मनातल्यासाठीही," असं डोळे मिटून म्हणत बेकरीवाली पहिला मणी धरी. कधी खोदून विचारलं नाही तिनं. तिला वाटे, बिचारी लाजेपायी बोलत नाही, मागत असेल त्याच मेलेल्या माणसासाठी.

मनातला म्हणजे, मुलगा लवकर सुटावा.

एकदा पीठ मळता मळता बेकरीवाली सहज बोलून गेली होती, "तो आत आहे ना, म्हणून डोळ्याला डोळा लागतो बघ. बाहेर आला की पहाटेचा प्रत्येक ट्रक मला तोच वाटेल." त्यानंतर तर इस्त्रीवालीच्या तोंडाला कुलूपच लागलं. हेतू मात्र तिनं बदलला नाही. आईच ती.

"धर गं," बेकरीवाली म्हणाली. एकीनं मूर्ती कमरेशी धरली, दुसरीनं झगा चढवला. हीच वेळ होती सांगायची. इस्त्रीवालीनं तोंड उघडलं, आणि टाचणी मागितली.

मिस्सेत फादर काय बोलले ते तिच्या कानावरून गेलं. पवित्र भाकर घ्यायला सगळे उठले, तेव्हा मनात एवढं लपवून ती कशी घ्यायची म्हणून ती बाकावरच बसून राहिली. परतताना बेकरीवालीनं नुसत्या भुवया उंचावल्या.

मग पालखी उचलली. "डावा पाय," बेकरीवाली नेहमीसारखी पुटपुटली आणि दोघी निघाल्या. मागे दोघीजणी, त्यांच्यामागे सगळं गाणारं चर्च. अंगणाला वळसा घेताना इस्त्रीवालीची नजर फाटकाकडे गेली. तो आला होता. पकडून नेलं त्या दिवशीचाच शर्ट अंगात, आता खांद्यावरून ओघळणारा. हातात प्लास्टिकची पिशवी.

आता इस्त्रीवालीनं सांगितलं नाही, तर बेकरीवालीला तिचे स्वतःचे डोळेच सांगणार होते.

"ऐक."

"काय गं, दांडा रुततोय?"

"माझा मुलगा सुटला. फाटकाशी उभा आहे."

बेकरीवालीचं पाऊल चुकलं नाही.

"माझा मनातला हेतू तोच होता. पहिल्यापासून."

तेवढ्यात खांब आला. झेंडा सरसर वर गेला आणि बँडनं राष्ट्रगीत धरलं. पालखी ठेवायला इथं एक टेबल असे. यंदा ते बँडवाल्यांनी सामानासाठी पळवलं होतं. आता मूर्ती खांद्यावर घेऊनच उभं राहणं आलं. बोलायचं नाही, हलायचं नाही. सगळं अंगण ताठ झालं. फाटकाशी मुलगाही पिशवीसकट ताठ झाला, तुरुंगात शिकवल्यासारखा.

इस्त्रीवालीला मान वळवता येत नव्हती. शेजारच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता, आणि मध्येच तोही येईनासा झाला. पालखी बारीक थरथरू लागली. थरथर कुणाच्या खांद्यातून येतेय, ते तिला कळेना. राष्ट्रगीत एवढं लांब असतं हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं.

बँड थांबला. टाळ्या झाल्या. बेकरीवाली जागची हलली नाही. मागच्या बायकांचा रेटा दांड्यातून पुढे आला.

"चल," ती शेवटी म्हणाली. "डावा पाय."

मूर्ती जागेवर बसवून बाकीच्या बायका पांगल्या, तेव्हा बेकरीवाली झग्याच्या टाचण्या काढू लागली. वर न बघताच बोलली, "तू मला मागायला लावलंस."

"हो."

"माझ्या तोंडून. रोज. माझ्या माणसाच्या नावाला लागून."

"हो."

"विचारायचंस तरी."

"तू नाही म्हणाली असतीस तर?"

"तर नाही म्हणाले असते!" टाचण्या डबीत पडल्या. "तेवढं तरी माझं होतं ना?"

ती मागच्या दारानं निघून गेली. फाटकाकडे तिनं पाहिलंही नाही.

घरी मुलानं ताटाला हात लावला नाही. "आई, मी जाऊन त्यांच्या पाया पडू?"

"तू बस. तुझं तू नंतर बघ. आज जायची पाळी माझी आहे."

संध्याकाळी ती जपमाळ घेऊन बेकरीपाशी गेली. या वेळी शटर नेहमी अर्धं वर असे. आज ते जमिनीला टेकलं होतं, खालून उजेडाची रेघ दिसत होती. हात उचलला, पण वाजवायचा धीर होईना. एवढ्यात आतून आवाज आला, "माझ्या माणसाच्या आत्म्याला शांती मिळो."

आणि आवाज थांबला. रोज दुसरीचं बोलणं यायचं, तिथंच थांबला.

इस्त्रीवालीनं पायरीवर गुडघे टेकले, तोंड शटरजवळ नेलं. "माझ्या मुलानं पुन्हा बाटलीला हात लावू नये," ती म्हणाली. उभ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आणि तुला झोप लागावी."

रोजचं "तुझ्या मनातल्यासाठीही" आतून आलं नाही. भट्टीचं दार करकरलं, पावाचा एक पत्रा सरकला. मग बऱ्याच वेळानं, "नमो मरिये..." अर्ध्यावर येऊन प्रार्थना अडली. पुढचं म्हणायला आत कुणी नव्हतं.

तिनं ते बाहेरून म्हटलं. शटर उघडलं नाही. दगडी पायरी गुडघ्यांना बोचत होती. ती कान देऊन बसली, आणि आत पुढचा मणी सुरू झाला.