उजवा हात म्हणजे मोकळी

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. गोलकीपरचं निम्मं काम ओरडण्याचंच असतं, आणि मी तर घरी मीठ मागितलं तरी शेजारचे दार उघडून बघतात. देवाने एवढा घसा दिला आणि माझ्यापुढे मिडफील्डला अशी बाई उभी केली, जिला त्यातलं अक्षरही ऐकू येत नाही.

तिला सगळे भिंगरी म्हणतात. चेंडू पायाशी येण्याआधी ती सारखी मान वळवून मागे बघते. देशाच्या संघात आल्यापासून तिचं हे बघणं गाजलं. आमच्या प्रशिक्षक मॅडम तिचे व्हिडिओ लहान मुलींना दाखवून सांगतात, बघा, खेळाची समज याला म्हणतात. समज कसली डोंबलाची! लहानपणी तापात तिचे कान गेले. समोरासमोर बोललं तर ओठांवरून तिला सगळं कळतं, पण मैदानाच्या गोंगाटात काही म्हणजे काही नाही. मागून कोण धावत येतंय ते बाकीच्यांना कुणीतरी ओरडून सांगतं, हिला बघावंच लागतं. शिट्टी झाल्यावरही खेळत राहिली म्हणून पिवळी कार्डं खाल्ली, वर हट्टी म्हणून नाव झालं ते वेगळंच.

हे फक्त मला माहीत होतं. दौऱ्यावर आम्ही एका खोलीत राहतो, आणि तरीही कळू नये इतकी काही मी मठ्ठ नाही. शाळेत असताना निवड करणाऱ्या एका गृहस्थाने याच कारणावरून तिला घरी पाठवलं होतं. तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप लावलं आणि मलाही शपथ घातली. डॉक्टर येतात ते गुडघे तपासतात, कानांकडे बघतो कोण?

मग आम्ही एक युक्ती काढली. चेंडू घ्यायला ती माझ्याकडे तोंड करून आली, की मी हात वर करायचा. उजवा हात म्हणजे मोकळी आहेस, वळ. डावा म्हणजे पाठीवर कुणीतरी आहे, मला परत दे. लोकांना वाटायचं मी माशा हाकलतेय. वाटू दे!

या स्पर्धेत उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात माझं बोट मोडलं. माझ्या जागी नवी मुलगी आली, उंच म्हणून तिचं नाव शिडी. मी हॉस्पिटलात प्लास्टर घालून घेत होते, तेवढ्यात भिंगरीनेच तिला खोलीत बोलावून खुणा शिकवल्या. कानांचं काही सांगितलं नाही, आमची जुनी पद्धत आहे एवढंच म्हणाली.

सामना सुरू झाला आणि बाकावर बसल्या बसल्या माझा जीव टांगणीला लागला. शिडीने हात वर केला, भिंगरी वळली ती थेट समोरच्या कप्तानाच्या अंगावर. पुढच्या वेळी मागे चिटपाखरू नव्हतं, तर हिने घाईघाईने चेंडू परत दिला. मग पुन्हा वळली, चेंडू गमावला, समोरच्यांचा फटका आमच्या गोलच्या खांबाला लागून गेला म्हणून वाचलो. मॅडम वैतागून म्हणाल्या, हिला आज झालंय तरी काय, आणि बदली मुलीला अंग मोकळं करायला पाठवलं. भिंगरीचं वय बघता आज बाहेर काढली की पुन्हा बोलावणं येणार नव्हतं.

तेवढ्यात मला शिडीचा हात नीट दिसला. भिंगरी मोकळी होती आणि शिडीने वर केला होता डावा! भिंगरीने इतकी वर्षं माझ्या खुणा समोरून बघितल्या, स्वतः कधी केल्याच नव्हत्या. शिकवताना तिला ज्या बाजूला मोकळीचा हात दिसायचा, त्या बाजूचा स्वतःचा हात तिने वर करून दाखवला. म्हणजे डावा, आणि शिडीने तोच पाठ केला. आरशात बघून भांग पाडावा तसं झालं.

भिंगरीला ओरडून उपयोग नव्हता. शिडीला ओरडले तर मॅडमना ऐकू जाणार होतं. बदली मुलगी रेषेपाशी येऊन उभी होती. मी उठले आणि सगळा घसा पणाला लावला.

“शिडे, हात उलटे करतेस! उजवा म्हणजे मोकळी!”

पोरीने हात बदलले. भिंगरी इतक्यांदा तोंडघशी पडूनही त्याच हातावर विसंबली, वळली, आणि चेंडू असा काही पुढे सोडला की आमची फॉरवर्ड एकटीच गोलसमोर.

गोल झाला, बाकावरच्या सगळ्या नाचल्या. मॅडम मात्र माझ्याकडे वळल्या. कसले हात, म्हणाल्या. थापा तयार होत्या माझ्याकडे, पण शपथेचा मला त्या दिवशी कंटाळा आला होता.

“तिला ऐकू येत नाही, मॅडम. लहानपणापासूनच.”

मॅडमनी बदली मुलीला खूण करून बसवलं.

मध्यंतरात त्या नेहमी आमच्याकडे पाठ करून फळ्यावर लिहीत बोलतात. त्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढली, भिंगरीच्या अगदी समोर बसल्या आणि सावकाश बोलल्या, “पुढेही तूच खेळतेस. आधी सांगितलं असतंस, तर इतकी वर्षं फळ्याकडे तोंड करून तुला शिकवलं नसतं मी.”

पोरी हसल्या. भिंगरी हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली. आता ही माझी खरडपट्टी काढणार, असं वाटून मी खाली मान घातली. ती उठून माझ्याशेजारी येऊन बसली आणि डोकं माझ्या खांद्यावर टाकलं.

“मान फार दुखते गं,” म्हणाली. “रोज दुखते.”

हे तिने कधी, अगदी मलासुद्धा, बोलून दाखवलं नव्हतं. पुन्हा मैदानात जायची वेळ होईपर्यंत मी धड हाताने तिची मान चोळत बसले.