चतुराचा डावा पंख

"इथे शिक्का मारलास की झालं," म्हणत नागाकुरांनी कागद मिझोगुचीपुढे सरकवला.

कागदाशेजारी जांभळ्या उशीवर एक त्सुबा होता. तलवारीची मूठ आणि पातं यांच्यामध्ये बसणारी काळपट लोखंडी चकती, तिच्यावर जडवलेला सोन्याचा चतुर. नागाकुरांनी शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलं आणि उरलेल्या आयुष्यात असे सत्तावीस त्सुबा जमवले. आता डोळे गेल्यात जमा होते, म्हणून ते सगळे गावच्या संग्रहालयाला देणार होते. वस्तू अस्सल असल्याची साक्ष तेवढी त्यांच्या जुन्या स्नेह्यानं, सोन्याच्या कामातल्या जाणकार मिझोगुचीनं द्यायची होती.

"हा आजवर कुणालाच दाखवला नव्हता. तुलासुद्धा नाही," नागाकुरा म्हणाले.

"डावा पंख बघा ना!" संग्रहालयाच्या हिराओकाबाई पुढे झुकल्या. "अडीचशे वर्षांपूर्वीचा हात आहे हा. माहितीपत्रकावर आम्ही याचाच फोटो घेतोय."

मिझोगुचीनं भिंग लावलं, काढून पुसलं आणि पुन्हा लावलं.

तो दातांच्या कवळ्या आणि सोन्याच्या टोप्या बनवणारा कारागीर. चौतीस वर्षांपूर्वी कानाझावाचा एक व्यापारी पंख निखळलेला चतुर घेऊन त्याच्याकडे आला होता. हौसेची वस्तू आहे, नवा पंख बसवून दे, म्हणाला. मिझोगुची आठवडाभर त्यावर खपला. पंखाची शेवटची शीर कोरताना त्याची सुई निसटली होती. तो ओरखडा आत्ता भिंगाखाली स्पष्ट दिसत होता.

बोललो नाही तर कुणाला कळणार आहे? आपलं काम काचेमागे ठेवतील, वर दिवा लावतील. हा विचार त्याला क्षणभर आवडला. आवडला याचीच त्याला लाज वाटली.

"काय रे, वाचा बसली का?" नागाकुरा हसले.

"शिक्का नाही मारता येणार, नागाकुरासान." "डावा पंख मी केलाय."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. "चेष्टा करताय ना?"

"नाही. दाढेच्या टोपीचं सोनं आहे ते."

नागाकुरांचा चेहरा लालबुंद झाला. "कधीपासून माहीत होतं तुला?"

"आत्ता कळलं."

"मग आत्ताच गिळून टाकायचं होतंस! परक्या माणसासमोर माझी अब्रू..." मग बाईंकडे न बघता ते म्हणाले, "बाकीचे सव्वीस न्या. हा राहू दे."

बाई खोकी घेऊन गेल्या. दाराशी त्यांनी दोनदा वाकून निरोप घेतला, पण नागाकुरांचं लक्ष नव्हतं. मिझोगुची गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. उठावं की थांबावं, त्याला कळेना.

"बस," नागाकुरा म्हणाले. "चहा करतो."

भिंतीला हात लावत ते आत गेले. मिझोगुची मदतीला उठला नाही. त्यांना ते खपलं नसतं. आत भांडी वाजत राहिली. बऱ्याच वेळानं ते तबक घेऊन आले आणि अंदाजानंच त्यांनी पाहुण्याचा पेला आधी भरला. चहा काठावरून तबकात सांडला.

मिझोगुचीनं मान खाली घातली आणि पेल्याला ओठ लावले.