भोंगा आणि सहावी सही

मित्रांनो, खाऱ्या हवेने माझ्या ॲल्युमिनियमच्या तोंडावर पांढरे चट्टे पडले आहेत आणि घशात कुंभारमाशीने घर केले आहे. मी एक जुना भोंगा आहे. कॅरिबियन समुद्रातल्या एका लहान बेटावर, आन्स-पेरो गावातल्या एका पडवीत उलटा पडून असतो.

माझी रचना साधी. मागे चुंबक, पुढे तारेचे वेटोळे आणि एक पातळ पडदा. पडदा थरथरला की आवाज. नवा होतो तेव्हा तो दोन खाड्या ओलांडायचा. कथबर्ट फेलिसियनने मला आपल्या गाडीच्या टपावर बसवले. तो शाळेत गणित शिकवायचा आणि छोट्याशा होडी पक्षाचा नेता होता. चार निवडणुका लढला, चारही हरला. लोक त्याला 'लीडर' म्हणायचे, पण हसून.

"लीडर, होडीत जागा आहे का?"

"भरपूर! कोणी बसतंय कुठे?"

निवडणूक पाच वर्षांनी येते. माणसे मात्र दर महिन्याला जातात. आमच्याकडे कोणी गेले की गाडी फिरवून कळवायची रीत आहे. आधी प्रार्थनेची धून, मग नाव, मग अंत्यविधीची वेळ. लीडर हे काम फुकट करायचा. ती धून ऐकली की माणूस हातातले काम टाकून दारात येतो, टोपी काढतो.

पाचव्या निवडणुकीला अर्ज भरायचा होता. गावातल्या सहा मतदारांच्या सह्या हव्यात, दुपारी तीनच्या आत. या वेळी उमेदवार नसता, तर पक्षाची नोंदणीच रद्द झाली असती. सहा सह्या सकाळीच झाल्या होत्या. दोन वाजता गॅस्टन गवंडी आला.

"लीडर, माझं नाव खोड. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांची यादी लागतेय."

"अरे, सकाळी तूच हौसेने सही केलीस ना?"

"सकाळी मला सरकारी पक्षाचा फोन आला नव्हता."

नाव खोडले गेले. लीडरने दारे ठोठावली; खिडक्यांचे पडदे हलले, कड्या निघाल्या नाहीत. निवडणूक कचेरी टेकडीपलीकडे, वीस मिनिटांवर. दोन वाजून पंचवीस मिनिटांनी तो ड्रायव्हर लुशियनला म्हणाला, "भोंगा लाव." सवयीने लुशियनने भलतेच बटण दाबले आणि माझ्यातून मयताची धून निघाली.

"बंद कर!" लीडर ओरडला. पण गल्लीतली दारे उघडली होती. टोप्या उतरल्या होत्या.

"कोण गेलं रे?" मासळी विकणाऱ्या मा युलालीने विचारले. हात माशांच्या खवल्यांनी भरलेले.

लीडरने माईक तोंडाशी धरला; त्याचा श्वास माझ्या पडद्यावर आदळला. "अजून कोणी नाही, मा. तीन वाजता माझा पक्ष जाईल. एक सही कमी आहे."

कोणीतरी फिसकन हसले. बाहेर आलेल्यांना आत जाता येईना. जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. खिडकीतून युलालीचा मुलगा ओरडला, "आई, आत ये! यादीत माझं नाव आहे!"

"तुझा बाप बुडाला तेव्हा या माणसाने तीन गावं फिरून सांगितलं. तेव्हा कुठे होती तुझी यादी?" ती लीडरकडे वळली. "आण तो कागद. आणि मत देईन असं समजू नकोस हं!"

तीनला तीन मिनिटे कमी असताना कारकुनाने नावे दोनदा मोजली, शेवटच्या सहीवरचे खवले नखाने काढले आणि शिक्का मारला.

लीडरला एक्क्याण्णव मते पडली. रस्त्याच्या यादीतून युलालीच्या मुलाचे नाव गेले; वर्षभर तो घरी बसला. तिने लीडरला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. पक्ष मात्र जगला. पुढे लीडर थकला, गाडी विकली गेली आणि मी समुद्राकडच्या पडवीत आलो. तिथे मला कोणी पुसले नाही. मीठ वेटोळ्यापर्यंत पोहोचले.

गेल्या वर्षी लीडर वारला. लुशियनने मला झटकले, तारा जोडल्या, बटण दाबले. नुसती खरखर. शेवटी तो दारोदार पायी फिरला.

मित्रांनो, जी वस्तू तुमच्या वतीने बोलते, तिला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसत जा. तिची गरज कोणत्या दिवशी पडेल, हे आधी कळत नाही. लीडर गेला त्या दिवशी मा युलालीने लुशियनला दारातूनच परत पाठवले होते.

"धून वाजली नाही," ती म्हणाली. "म्हणजे तो गेलेला नाही."