फिरवायची राहिलेली पेटी

“नंदिनी, इकडे ये वं जराशी,” माझे यजमान प्रेमानंद म्हणाले. मी गॅस बारीक करून गेले. ते संगणकापुढे हात मांडीवर ठेवून बसले होते. प्रबंध जमा करायला दोनच दिवस उरले होते आणि ही शेवटची मुदतवाढ. पीएच.डी. झाली नाही, तर जूनपासून कॉलेजातली कंत्राटी नोकरी जाणार होती.

सहा वर्षं त्यांचं एकच काम. दूरच्या आकाशगंगांचा उजेड आपल्याकडे येताना वाटेतल्या वस्तुमानाने वाकतो. किती वाकतो, ते संगणकावर काढायचं. त्यासाठी विश्वाचा एक चौकोनी तुकडा तयार केलेला. ते त्याला पेटी म्हणत. तीच पेटी एकामागे एक रचून लांबचं अंतर भरायचं, पण दर वेळी फिरवून. नाहीतर किरण पुन्हा पुन्हा त्याच पुंजक्याजवळून जातो आणि भलताच वाकतो.

“प्रोग्रॅममधली पेटी फिरवायची ओळ मी बंद केली होती, एकदा तपासाले,” ते म्हणाले. “चालू करायचीच राहिली.”

“मग करा ना चालू.”

“परवा केली. आज उत्तर आलं. वाकणं जास्त निघते, यावरच तर सारा प्रबंध होता. ते आता निघूनच नाही राहिलं.”

त्यांनी मार्गदर्शकांना, गिरिधर सरांना फोन लावला. सर मायेनेच बोलले. प्रोग्रॅम उघडून कोणी बघत नाही, आधी जमा कर, दुरुस्ती नंतर छापू, म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू सांग.”

मी रोज पहाटे पंचशील घेते. खोटं न बोलण्याचं शील त्या दिवशीही घेतलं होतं. पण मला जून दिसत होता.

“देऊन टाका,” मी म्हटलं. “कोण पाहते?”

त्यांनी नुसतं ‘बरं’ म्हटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी ते पाच बांधलेल्या प्रती पिशवीत घालून विद्यापीठात गेले आणि संध्याकाळी त्याच पिशवीसकट परत आले.

“काहून आणल्या?”

“सारं खरं आहे म्हणून सही मागते तिथं. पेन उघडलं होतं मी.”

पाणी पिऊन ते जमिनीवर बसले, पहिली प्रत उघडली आणि तिसऱ्या प्रकरणातला, न फिरवलेल्या पेटीतून निघालेला एकेक आकडा पट्टी लावून खोडू लागले. चुकीचं कोणाच्या हाती पडू नये म्हणून.

मी समोर बसले. दुसरी प्रत मांडीवर घेतली आणि विचारलं, “कोणत्या पानापासून?”