थोरल्याची हजेरी

गाडी सुरू होण्याआधी हजेरी व्हायचीच. मागच्या सीटवरून धाकटी पुकारायची, "थोरला!" कुत्रा एकदाच भुंकायचा. मग धाकटी स्वतः, बाबा, शेवटी आई. ही पद्धत आईनेच पाडलेली. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती; प्रत्येक बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही तिथली शिस्त तिने घरात आणली होती. कुत्रा मुलीच्या आधी घरात आला, म्हणून तो थोरला. "आम्ही चौघं," असं आई भेटेल त्याला सांगायची.

भाड्याचं घर बघायला चौघं गेले, तेव्हा बाबा आणि थोरला गाडीतच थांबले. घर भरपूर उजेडाचं, प्रयोगशाळेपासून हाकेच्या अंतरावर. आईचा जीवच जडला.

"किती जण आहात?" घरमालकीणबाईंनी विचारलं.

"तिघंच."

धाकटीने वर पाहिलं. आईने तिचा हात दाबला.

बाई गाडीपर्यंत सोडायला आल्या. खिडकीतून थोरल्याचं डोकं बाहेर आलं. आईला बघून तो शेपटीने सीट बडवू लागला.

"अगंबाई, हा कोण?"

"शेजाऱ्यांचा. दवाखान्यात न्यायचाय."

बाबा स्टिअरिंगकडे बघत राहिले.

"होय गं?" बाईंनी धाकटीला विचारलं.

"हो, शेजाऱ्यांचा," धाकटी म्हणाली. अगदी आईच्या सुरात.

बाईंनी थोरल्याचे कान कुरवाळले. "तुमचा असता तर सांगितलंच असतं म्हणा तुम्ही. आमचाही होता हो असाच. तो गेल्यापासून गच्ची नुसती ओस पडलीय. असो, घर तुमचंच समजा."

आईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. बाईंनी नकार दिलेलाच नव्हता. कुत्रा चालेल का, हे तिने विचारलंच कुठे होतं?

ती गाडीत बसली. धाकटीने सुरुवात केली, "धाकटी हजर. बाबा?"

"हजर."

थोरला कान टवकारून आपल्या नावाची वाट बघत होता.

"आई?"

"अगं, थोरला राहिला ना."

"पण तो शेजाऱ्यांचा आहे ना?"

आईच्या तोंडून नाव ऐकलेला थोरला भुंकला. एकदाच, नेहमीसारखा.

बाई अजून फाटकातच उभ्या होत्या. आईने दार उघडलं. मग तिने मागचंही दार उघडलं, थोरल्याचा पट्टा हातात घेतला आणि खाली मान घालून फाटकाकडे निघाली.