दुसरं काही चालू आहे का?

परदेशी निघताना माणसं आधी कपडे भरतात. कंपाउंडरकाकांनी आधी औषधं भरली. चाळीस वर्षं एकाच डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरमागे उभा राहिलेला माणूस, त्याच्या बॅगेतून दुसरं काय निघणार? तापाच्या गोळ्या, जुलाबाच्या गोळ्या, प्रवासात मळमळतं त्याच्या गोळ्या, अंगदुखीच्या गोळ्या, मलम, कापूस, चिकटपट्टी आणि दोन थर्मामीटर. एक फुटला तर पंचाईत नको. बायको म्हणाली, "अहो, आपण फिरायला चाललोय की दवाखाना थाटायला?" काकांनी मनावर घेतलं नाही. बायकोचे तीन स्वेटर बाहेर काढून तिथे मलमाच्या ट्यूबा बसवल्या.

ही बारा दिवसांची सहल लेकीने आणि जावयाने मिळून ठरवली होती. लग्नाला दोन वर्षं झाली, आता दोन्हीकडच्या आईवडिलांनी एकत्र जग बघून यावं अशी त्यांची हौस. त्यामुळे एकाच बसमध्ये पुढच्या बाकावर व्याही आणि विहीणबाई, मागच्या बाकावर काका आणि काकू. व्याही जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे, कमी बोलणारे. कुठलाही चौक दिसला की तो पावलांनी मोजून काढायचे आणि वाटाड्याने सांगितलेला आकडा चूक आहे असं हळूच काकांच्या कानात सांगायचे. काकांना हे फार आवडायचं. मुलीचा बाप आणि मुलाचा बाप यांच्यात एवढी जवळीक कुठे असते? पण जवळीक कितीही वाढली तरी पाऊल टाकताना काका अर्धं पाऊल मागेच राहायचे. लेक त्यांच्या घरी नांदते, हे ते झोपेतही विसरत नसत.

दुसऱ्या दिवशी बसमधल्या एका बाईंची उलटी काकांच्या गोळीने थांबली आणि सगळी बस त्यांना "डॉक्टर" म्हणू लागली. पहिल्यांदा काकांनी दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा नुसतं हसले. तिसऱ्यांदा ओ दिली. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला लोक लागतात, पण चढतो तो स्वतःच्या पायांनी.

तरी एक गोष्ट काकांनी सोडली नव्हती. त्यांच्या डॉक्टरांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात घालून दिलेला नियम होता: चिमूटभर पावडर द्यायची असली तरी समोरच्याला आधी विचारायचं, दुसरं काही चालू आहे का? सर्दीचं औषध मागायला आलेला माणूस मनाने कधीच सांगत नाही की तो रक्तदाबाच्याही गोळ्या घेतो. त्याला वाटतं, याचा त्याच्याशी काय संबंध. काकांनी चाळीस वर्षांत हा प्रश्न किती वेळा विचारला असेल याला गणती नाही. बसमध्येही विचारत. चार दिवसांत अर्ध्या बसची दुखणी त्यांना पाठ झाली होती.

चौथ्या दिवशी सगळे एका उंच मनोऱ्यावर चढले. व्याहींनी पायऱ्या मोजल्या, तीनशे बारा. उतरेपर्यंत त्यांचा उजवा गुडघा सुजला. संध्याकाळी हॉटेलच्या बोळात त्यांनी काकांना गाठलं आणि आवाज खाली करून म्हणाले की गुडघ्याचं काहीतरी बघा, पण बायकांच्या कानावर घालू नका, उगाच बाऊ करतील.

प्रश्न काकांच्या ओठांपर्यंत आला. रोज जेवण झालं की व्याही भिंतीकडे तोंड करून एक लहान गोळी गिळत, हे त्यांनी पाहिलं होतं. पहिल्या दिवशी विहीणबाईंनी कुणी न विचारताच सांगूनही टाकलं होतं की ती ताकदीची आहे. ताकदीच्या गोळीचा खुलासा कुणी न विचारता करत नाही, एवढं तर काकांना नक्की कळत होतं. पण समोर व्याही उभे होते. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला विचारायचं, तुम्हाला काय रोग आहे? काकांची जीभ रेटेना. त्यांनी अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टी काढून हातावर ठेवली आणि सांगितलं, पोटात अन्न असताना घ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. व्याहींनी पट्टी खिशात घातली आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताने काका सुखावले, हे खोटं कशाला सांगा.

आठव्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी व्याही चहा आणायला उठले आणि दोन पावलांवर खाली बसले. चेहरा धुऊन पिळलेल्या फडक्यासारखा पांढरा पडला होता. काकांनी नाडी धरली, ती धावत होती आणि हाताला नीट लागत नव्हती. कालपासून शौचाला काळं होतंय, असं व्याही पुटपुटले आणि त्यांचे डोळे मिटले. दुखणं अंगावर काढायची त्यांची जुनी सवय, त्यातून सहलीत आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको. काळं म्हणजे पोटात रक्त, हे सांगायला काकांना कुणी डॉक्टर लागत नव्हता.

हॉटेलवाल्यांनी रुग्णवाहिका बोलावली. लेकीला कळवायला काकू हॉटेलवर थांबल्या. काका आणि विहीणबाई इस्पितळात गेले. तिथे त्यांना एका लहान खोलीत बसवलं: तीन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर फोन. हिरव्या कपड्यांतली तरुण डॉक्टरीण आली आणि तिने फोनचं एक बटण दाबलं. फोनमधून एका बाईचा आवाज आला, चक्क आपल्या भाषेत. ती म्हणाली, मी दुभाषी आहे, मी जे बोलेन ते डॉक्टरांचं बोलणं समजा. आठ दिवसांत बसबाहेरच्या माणसाच्या तोंडून आपली भाषा पहिल्यांदा ऐकून विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

आवाजाने विचारलं, पेशंटला आधीपासून काही आजार? विहीणबाईंनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि सांगितलं की काहीही नाही, एकही गोळी चालू नाही, जन्मात कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत. हे सांगताना त्यांनी काकांकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि काका? काकांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

डॉक्टरीण भराभर बोलली. मग आवाज म्हणाला, "पोटात रक्तस्राव होतोय आणि तो व्हायला हवा त्यापेक्षा जोरात होतोय. रक्त गोठत नाहीये. कशामुळे ते कळलं तर त्यावर नेमका उतारा देता येईल. तपासण्या येईपर्यंत वेळ जाईल आणि आमच्याकडे तो फार नाही. म्हणून पुन्हा विचारते. दुसरं काही चालू आहे का?"

आपलाच प्रश्न काकांना दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू आला.

सांगावं तर लेकीचं काय? ज्या घरात तिला अख्खं आयुष्य काढायचं, त्या घराने उद्या म्हणावं की हिच्या बापाने आमच्या माणसाला गोळी घातली? ही भीती खरीच होती. पण तिच्यात काकांचा तोराही मिसळलेला होता, आठ दिवसांच्या डॉक्टरकीचा. औषधातली भेसळ ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ही आपली भेसळ ओळखता आली. त्याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"मी दिलंय," ते म्हणाले. गोळीचं नाव सांगितलं, पन्नास मिलिग्रॅमची, दिवसाला दोन, तीन दिवस झाले. "मी डॉक्टर नाही. कंपाउंडर होतो. आणि देताना दुसरं काय चालू आहे ते मी विचारलं नाही."

फोनमधल्या बाईने ते सगळं त्या भाषेत सांगितलं, आणि काका डॉक्टरणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिथे राग दिसला नाही. ती फक्त लिहून घेत होती.

काका विहीणबाईंकडे वळले. आजवर त्यांच्याशी ते मान वर करून बोलले नव्हते. "विहीणबाई, ती जेवणानंतरची गोळी द्या."

विहीणबाईंनी पर्स छातीशी धरली. मग ती उघडली आणि रुमालात गुंडाळलेली पट्टी टेबलावर ठेवली. काकांनी नाव वाचलं. रक्त पातळ ठेवायची गोळी. तिच्यावर अंगदुखीची गोळी म्हणजे आगीत तेल, हे त्यांनी दवाखान्यात शेकडो लोकांना बजावलं होतं.

"ठोके चुकतात त्यांचे," विहीणबाई म्हणाल्या. "पोरांच्या लग्नाच्या आधीपासून. तुम्हाला सांगितलं असतं तर पोरगी दिली असतीत?"

डॉक्टरीण पट्टी घेऊन केव्हाच बाहेर गेली होती.

दुपारभर दोघं बाहेरच्या बाकावर बसले, मध्ये दोन माणसांची जागा सोडून. झाकली मूठ दोघांचीही उघडली होती. मध्येच लेकीचा फोन आला. काकांनी तिला काहीही न लपवता सांगितलं. लहानपणी शाळेतून सुटली की ती दवाखान्यातल्या स्टुलावर बसून गृहपाठ करायची. तिने एवढंच म्हटलं, "बाबा, तुम्ही विचारलं नाहीत?" फोन ठेवल्यावर काका तोंड धुवायला म्हणून गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

संध्याकाळी निरोप आला की उतारा लागू पडला आहे, रक्त चढवलं आहे, धोका सरला असं मात्र अजून म्हणता येणार नाही. तिसऱ्या दिवशी व्याहींना साध्या वॉर्डात हलवलं. बस केव्हाच पुढच्या गावाला गेली होती, काकू हॉटेलवरच राहिल्या होत्या. विहीणबाई चहा आणायला खाली गेल्या, तेव्हा काका आत आले आणि पायथ्याशी उभे राहिले.

"बसा की," व्याही म्हणाले. आवाज पार खोल गेला होता.

काका बसले. त्या बाकावर तीन दिवस मनात घोळवलेलं त्यांनी शेवटी विचारलं. "मी विचारलं असतं, तर सांगितलं असतंत?"

व्याही छताच्या चौकटींकडे बघत राहिले, मोजत असल्यासारखे. "नाही. ताकदीची आहे म्हटलं असतं."

"तरी मी विचारायला हवं होतं."

तेवढ्यात नर्स लहानशा कपात एक गोळी घेऊन आली. व्याहींनी कप हातात घेतला आणि सवयीने काकांकडे पाहिलं. "डॉक्टर, घेऊ ना?"

एवढं होऊनही हा माणूस आपल्याकडे बघतो, हे काकांना सोसवेना. "मी डॉक्टर नाही हो. या देतायत तर घ्या." व्याहींनी गोळी घेतली. नर्स गेली. काकांनी खुर्ची उशाशी ओढली आणि या वेळी अर्धं पाऊल मागे न राहता, काउंटरमागे उभं राहून विचारत तसं सरळ विचारलं.

"दुसरं काही आहे का? दुखणं, गोळी, काहीही."

व्याहींनी दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले की डाव्या डोळ्यासमोर कधी कधी पडदा येतो, वरून खाली. दोन मिनिटं काही दिसत नाही, मग आपोआप जातो. वर्ष झालं. "हिला सांगू नका."

असा पडदा म्हणजे डोळ्याच्या वाटेवर अडकणारी रक्ताची गुठळी, उद्या ती मेंदूतही अडकू शकते, हे काकांना ठाऊक होतं. ती रक्त पातळ करणारी गोळी आता बंद होती, आणि बंद ठेवणाऱ्यांना या पडद्याचा पत्ता नव्हता. त्यांनी भिंतीवरची घंटा दाबली. डॉक्टरीण आल्यावर वॉर्डातल्या टेबलावरचा तसलाच फोन उचलला, वायर पुरेल तेवढा ओढला आणि व्याहींच्या उशाशी आणून ठेवला.

"मी नाही सांगणार," ते म्हणाले. "तुम्ही सांगा."

डॉक्टरणीने बटण दाबलं. पलीकडून तोच आवाज आला, नमस्कार, बोला. चहाचे कप घेऊन विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. व्याहींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि बोलायला सुरुवात केली.