घाटाकडच्या खिडकीची हरकत

विषय : घाटमाथ्यावरील लहान हॉटेलातील घाटाकडची खिडकी बुजवून तेथे जंगलाचे चित्र लावण्याबाबत.
संदर्भ : मालक गजेंद्र व सजावटवाल्या अनुपमा यांची चर्चा, जी माझ्यासमोरच झाली.

वरील विषयातली खिडकी ती मीच. मला कोणी विचारलं नाही, म्हणून स्वतःहून बोलतेय.

नारायणराव मिस्त्रींनी मला सागाच्या लाकडातून घडवलं. तेव्हा इथं चार टेबलं आणि एक चूल होती. "खिडकी चुलीसमोरच पाह्यजे," असं गजेंद्रच्या आईनं, विमलबाईंनी, त्यांना बजावलं होतं. पिंपळगाव राजा या गावाकडची एसटी खालच्या वळणावर दिसली की विमलबाई पहिली भाकर तव्यावर टाकतात. गाडी वर येऊन प्रवासी हात धुऊन बसतात, तोवर भाकर टम्म फुगून ताटात. भिंतीवरचं घड्याळ केव्हाच बंद पडलंय. कुणाचं अडलेलं नाही.

आता वर खोल्या झाल्या. हॉटेलाला निसर्गाची ऊब द्यायला पुण्याहून अनुपमा आली. तिनं प्लास्टिकच्या वेली आणल्या, दगडासारखा दिसणारा कागद आणला. बाहेर दगड फुकट पडलेत, पण ते पुरेसे दगडासारखे दिसत नसावेत. शेवटी आलं बर्फातल्या झाडांचं भिंतभर चित्र. त्याला भिंत अखंड हवी, म्हणून मी नको.

"हे झाड कोनतं व्हय वो?" विमलबाईंनी विचारलं.

"देवदार, काकू. बघून कसं उबदार वाटतं!"

"मे महिन्यात इथं ऊब कोनाले पाह्यजे?"

"माय, तुले नाही समजत," गजेंद्र म्हणाला. "लोकं फोटो काढाले येतात."

"अन् जेवाले?"

प्रयोग म्हणून माझ्यावर प्लायवूड ठोकलं. दुपारची एसटी दारात उभी राहिली तेव्हा पीठ परातीतच होतं. पुढच्या गाडीला विमलबाईंनी अंदाजानं आधीच भाकरी टाकल्या. त्या निवून वातड झाल्या. ड्रायव्हर उत्तमरावांनी तुकडा ओढून पाहिला.

"काऊन मावशी, कालची भाकर वाढून राह्यल्या का?"

आजवर असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. त्या उठल्या, उलथनं प्लायवूडच्या फटीत घातलं आणि हिसका दिला. दुसरं टोक अनुपमानं धरलं. वातड भाकर तिच्याही ताटात होती.

"गजेंद्र, खिडकी राह्यली त मी चुलीपाशी. नाही त तुह्या देवदाराले सांग भाकरी थापाले."

"पाहतो, माय."

चित्राची गुंडाळी माझ्याखाली उभी आहे. मी सताड उघडी आहे. पावसात फुगले की मला लावणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. बुजवणाऱ्यांनी ताकद आजमावून पाहावी. जंगल पाहायची हौस असणाऱ्यांनी माझ्यातून पाहावं, तिकीट नाही.

विमलबाईंचा तोंडी अर्ज आणि माझी ही हरकत मालकांकडे पोचली आहे. निर्णय झालेला नाही.